पटवारीकाकांना विचारा : तुडुमाला भोकं किती?

प्रश्न

काकाजी, नमस्कार.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान गावची सरपंच. वय ३४. माझं सासर खालच्या गावचं आणि माहेर वरच्या गावचं. दोन्हींत अंतर दीड किलोमीटर, मधे मामा तलाव. तलाव वरच्या गावाच्या शिवारात आहे, पण त्याच्या पाण्यावर भिजणारा बहुतेक धान आमचा.

तीन वर्षांआधी सप्टेंबरच्या शेवटी पाऊस दडला. धान निसवायला आला होता. वरच्या गावच्या लोकांनी मातीची पोती टाकून तुडूम (तलावाचं पाणी पाटात सोडायचं दगडी दार) बुजवला. तलाव तिथल्या ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे. पाणी गेलं की मासोळी गेली. तिसऱ्या रात्री आमच्या पोरांनी सलंगाजवळची (जास्तीचं पाणी निघते तिथली) पाळ खोदली. सकाळपर्यंत तलाव अर्धा झाला होता. मासे बांध्यांमध्ये तडफडत होते. आमच्या पोरांनी ते टोपल्यांनी उचलले आणि घरोघरी वाटून खाल्ले. त्याच दुपारी पाळीवर मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली, दोन्हीकडच्या मिळून १४ जणांवर गुन्हे आहेत.

तेव्हापासून त्यांच्या चक्कीवर आमचं दळण नाही, आमच्या राइस मिलमध्ये त्यांचा धान नाही. सातवीपुढची शाळा वरच्या गावात आहे. आमच्या मुली सायकलने जातात तेव्हा पाळीवरून खडे येतात. तीन सोयरिकी मोडल्या. मंडईही दोन्ही गावं मुद्दाम एकाच रात्री ठेवतात. मी आईला भेटायला सरळ रस्त्याने जात नाही, नाल्याकडून फेरा घेऊन जाते. सासरचे म्हणतात ही तिकडची, माहेरचे म्हणतात ही तिकडची झाली.

लोक म्हणतात, मोठी सभा घे, आमदारसाहेब आणि ठाणेदारसाहेबांना बोलाव. त्या मारामारीत आमच्या गावच्या एका बौद्ध शेतमजुराला जातीवरून शिव्या देऊन मारलं होतं, त्याचा गुन्हा वेगळा दाखल आहे. समेट करायचा तर तोही त्याने मागे घ्यावा, असं वरचं गाव म्हणते, आणि आमचंही म्हणते. मी काय करू?

— एक सरपंच

उत्तर

सरपंचबाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना टोपल्यांपाशी अडलो. तुमच्या पोरांनी पाणी नेलं, ते वरच्या गावानं एखाद्या वर्षात पचवलं असतं. निसवणीच्या वेळी पाणी तुटलं तर धान पोचट जातो, हे त्यांनाही कळते. तेही धानच पिकवतात. पण मासे खाल्ले! ज्यानं जुलैत बीज सोडलं, तेव्हापासून राखण केली, त्याच्या नाकाखाली तुमच्या चुलींवर रस्सा शिजला. हे पोटात राहते. तुम्ही पत्रात पाण्यावर चार ओळी लिहिल्या आणि माशांवर दोन. माझ्या अंदाजानं हिशेब उलटा आहे.

सभेचं विचारलं, तर नका घेऊ. माझ्यावर बेतलं आहे म्हणून सांगतो.

१९९६ साली मी साकोलीकडच्या एका साझ्यात पटवारी होतो. (सरकारी कागदावर तेव्हा तलाठी, आमच्याकडे अजूनही कोणी तलाठी म्हणत नाही. तेव्हा सगळा भंडाराच जिल्हा होता, गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाला.) दोन गावांच्या मधल्या पांदणीवरून भांडण होतं. एका गावच्या बंड्या दुसऱ्या गावच्या धुऱ्यावरून जात, धुरा दरवर्षी एक वीत सरके. मला वाटलं आपण मिटवू. शाळेच्या पटांगणात मंडप टाकला. तहसीलदार आले, नारळ फुटले, दोन्ही गावच्या पाटलांनी एकमेकांना पेढा भरवला, नागपूरच्या पेपरात फोटो आला. तो फोटो मी फ्रेम करून घेतला, खोटं कशाला बोलू. अकराव्या दिवशी पहिला पाऊस पडला, बंडी चिखलात फसली, बंडीवाल्यानं धुरा तोडला आणि पुन्हा काठ्या निघाल्या. मी धावत गेलो तर एक म्हातारा पाटावर बसून तंबाखू मळत होता. मला म्हणाला, "पटवारी, तुमी आमाले हात मिरवाले (मिळवायला) लावले. पांदन तं मोजलीच नाई."

साखळी माझ्याच दप्तरात होती. मोजणीला अर्धा दिवस लागला असता. त्या अर्ध्या दिवसात वाद झाला असता, म्हणून मी तो टाळला आणि त्याऐवजी पेढे आणले. फ्रेम मी नंतर उतरवली.

तुमच्या तलावाचं तेच आहे. आज उन्हाळा आहे, पाणी खाली गेलं आहे, तुडूम उघडा पडला असेल. वर्षातला हाच महिना असा, की पाण्यावरून भांडण नसते आणि तलावाचं सगळं पोट दिसते. मृग लागला की ही संधी गेली. तेव्हा आधी तुडुमापाशी जा.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. मामा म्हणजे माजी मालगुजारी, गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या जुन्या मालकांच्या, म्हणजे मालगुजारांच्या ताब्यातले. आमच्या झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातले) हे तलाव बरेचसे कोहळी लोकांच्या हातचे. उतार हेरून मातीची पाळ घालायची, पाटाकडे पाणी सोडायला दगडी तुडूम आणि जास्तीचं पाणी निघून जायला सलंग. जुन्या तुडुमाला एकावर एक भोकं असतात, त्यांना लाकडी गुडद्या. वरची गुडदी काढली की वरचंच पाणी जाते, खालचं राहते. हे ज्यानं केलं तो शाळेत गेला नसेल, पण शेतकऱ्याचं पाणी आणि मासोळीचं पाणी असे दोन वाटे त्यानं दगडातच कोरून ठेवले. पुढं कुठं सिमेंटचं एकच गेट बसलं, कुठं खालची गुडदी कुजली आणि कोणी बदलली नाही. मग पाणी एक तर सगळं जाते, नाही तर मुळीच जात नाही. तुमच्या गावांचं भांडण नेमकं ह्या दोन टोकांचं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. सगळ्यात खालचं भोक कायमचं बंद, ते मासोळीचं पाणी. पाऊस दडो, धान वाळो, त्याला हात नाही. त्याच्या वरचं सगळं धानाचं, आणि त्यावर मच्छीमार संस्थेनं अडवणूक करायची नाही. मधली रेघ कुठं धरायची ह्यावर खरी घासाघीस होईल. होऊ द्या. चार बैठका लागल्या तरी चालतील. रेघ ठरली की तुडुमाच्या दगडावर ऑइल पेंटनं लाल पट्टा मारा, रात्री बॅटरीच्या उजेडातही दिसेल असा. गुडदी काढताना दोन माणसं हजर पाहिजेत, वरच्या गावचा एक आणि खालच्या गावचा एक. एकट्यानं काढायची नाही. त्यांचा मोबदला दोन्ही गावांनी धानातच द्यावा, एकरी कुडवाच्या मापानं. रोख दिला तर पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणेल ह्यानं पैसे खाल्ले. धान सगळ्यांसमोर मोजला जातो.

आता कागद. वरचं गाव म्हणत असेल, "पानी आमचा, पार (पाळ) आमची." शिवार त्यांचं आहे हे खरं. पण हे तलाव बांधले गेले तेव्हा एका मालगुजाराकडे दोन-दोन, चार-चार गावं असत आणि तलाव गाव पाहून नाही, उतार पाहून बांधला जाई. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. त्याआधीच्या जमीन बंदोबस्तात, म्हणजे मोजणी-आकारणीत, गावोगावचं वाजिब-उल-अर्ज लिहिलं गेलं होतं. कोणत्या तलावाचं पाणी कोणत्या शेतांना, कोणत्या पाळीनं, मासे कोणी मारायचे, पाळीची डागडुजी कोणी करायची, अशा वहिवाटी त्यात असतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन्ही गावांच्या नकला मागा. गावाच्या निस्तारपत्रकाचीही मागा. ते जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ प्रमाणे असते. त्यात पाण्यापेक्षा चराई, सरपण, माती-मुरूम ह्यांचं जास्त असेल, पण अशा गावांत चराईचं भांडण पाण्याच्या मागोमाग येतेच.

एक सावधगिरी. नक्कल हाती आली आणि तुमच्या बाजूची निघाली, की तुमचेच लोक तिची काठी करतील. "पाहा, लिहिलं आहे!" म्हणून फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवतील, आणि वरचं गाव म्हणेल सरपंचबाईनं तहसीलमध्ये पैसे चारून कागद काढला. त्यामुळे अर्ज दोन्ही सरपंचांच्या सहीनं करा. वरचा सरपंच तुमच्यासोबत बसायला तयार नसेल, तर त्याला निरोप पाठवा की तुम्हीच अर्ज करा, मी फी भरते. नक्कल आली की पाकीट एकाच दिवशी, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांसमोर फोडा. एखाद्या निवृत्त गुरुजीकडून मोठ्यानं वाचून घ्या. तुमच्या विरुद्ध एखादी ओळ निघाली तर तीही तेवढ्याच मोठ्या आवाजात वाचू द्या. खरं सांगू, एखादी तशी निघाली तर बरंच. वरच्या गावाचा कागदावर विश्वास बसेल.

ढिवरांकडे येतो. तुमच्या पत्रात "वरच्या गावच्या लोकांनी तुडूम बुजवला" असं आहे. बुजवला नक्की कोणी? वरच्या गावच्या धानवाल्यांनी की मच्छीमार संस्थेनं? मला शंका आहे, की पोती उचलायला ढिवर होते आणि पाठीमागे उभे राहणारे दुसरेच. असं मी पाहिलं आहे. मोठे शेतकरी भांडतात, आणि मार खाणारा नि नुकसान सोसणारा ज्याला शेत नाही असा माणूस असतो. समेटाच्या बैठकीतही दोन्हीकडचे धानवाले आपसात वाटून घेतात, ढिवर पाळीच्या कडेला उकिडवे बसून ऐकतात. ह्या बैठकीत तीन पक्ष धरा : वरचं गाव, खालचं गाव आणि मच्छीमार संस्था. सतरंजी एकच, आणि संस्थेच्या अध्यक्षाला मधे जागा.

नुकसानभरपाई द्यावी लागेल. पण तिला दंड म्हणू नका. दंड म्हटलं की तुमच्या गावातून एक रुपया निघणार नाही. आमच्या पोरांची डोकी फुटली त्याचं काय, म्हणतील. ह्या जुलैत खालच्या गावानं बोटुकली आणून द्यावी. रोहू, कतला, मृगळ, संस्था सांगेल ती जात आणि सांगेल तेवढं बीज. ज्या पोरांनी टोपल्या भरल्या त्यांनीच पिशव्या खांद्यावरून आणून पाण्यात सोडावं. पिशवी आधी पाण्यावर थोडा वेळ तरंगत ठेवायची असते, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मग तोंड सोडायचं. घाई केली तर बीज मरते. तेवढा अर्धा तास ती पोरं आणि ढिवरांची पोरं गुडघाभर पाण्यात शेजारी उभी राहतील. बोलली नाही तरी चालेल.

गुन्ह्यांचं आता. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत होतो. गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं लागली, काही गावांनी बक्षिसासाठी भांडणं सतरंजीखाली सारली हेही मी पाहिलं. पण समिती चांगली असली तर कामाची असते. अडचण एवढीच, की ती आपापल्या गावची असते. तुमच्या भांडणाला दोन्ही समित्यांची एकत्र बैठक पाहिजे, आणि ती ना तुमच्या हनुमान मंदिरात, ना त्यांच्या. पाळीवर घ्या, सकाळी, उन्हाच्या आत. खुर्च्या नकोत, खुर्ची आली की पुढारी येतो.

कायद्यानं सगळे गुन्हे आपसात मिटत नाहीत. साधी मारहाण, शिवीगाळ, कोणाच्या मालाचं नुकसान, असे काही मिटू शकतात. बेकायदा जमाव, दंगल, सरकारी कामात अडथळा, असं काही लागलं असेल तर "मी सगळे गुन्हे मागे घ्यायला लावते" असा शब्द कोणाला देऊ नका. तो तुमच्या हातात नाही. उद्या वॉरंट आलं तर पोरगा म्हणेल सरपंचबाईनं फसवलं. तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, महिलेला तर हक्कानं. १४ जणांची कलमं एका कागदावर मांडून, कोणती मिटतात आणि कोणती नाही, हे विचारून घ्या. मिटणारी लोकअदालतीत न्या. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, म्हणून पुन्हा उकरून निघत नाही.

आणि तो शेतमजूर. त्याच्यावर हात घालू नका, आणि कोणाला घालू देऊ नका. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा गावाच्या सतरंजीवर मिटवायसाठी केलेला नाही; तो गुन्हा आपसात मिटवता येतच नाही. बाई, दोन गावं तीन वर्षांत एकाही गोष्टीवर एक झाली नाहीत आणि ह्याच एका गोष्टीवर झाली, हे वाचून मला काही बरं वाटलं नाही. ज्याच्याकडे दोन्ही गावांत एक बांधी नाही, त्याच्या तक्रारीवर तुमचा समेट उभा करणार? त्याची केस कोर्टात चालू द्या. तुम्ही एवढंच करा, की त्याला कामावर बोलावणं कोणी बंद केलं असेल तर तुमच्या स्वतःच्या रोवण्याला त्याला आधी बोलवा. लोक पाहतील.

मुलींवर खडे येतात, त्याला समेटाची वाट पाहायची नाही. ते उद्या थांबलं पाहिजे. पोलिस पाटलाकडून होत नसेल तर बायकांकडून होईल. तुमच्या गावच्या किती लेकी वरच्या गावात दिल्या आहेत आणि त्यांच्या किती तुमच्याकडे आल्या आहेत, त्याची यादी करा. घर, नाव, किती साली लग्न झालं. आमच्या साकोलीकडच्या त्या पांदणीच्या भांडणात अशी यादी माझ्या बायकोनं केली होती, मी नाही. दोन गावं मिळून ३१ नावं निघाली. ज्या म्हाताऱ्यानं मला पांदणीवरून टोचलं त्याची स्वतःची लेक समोरच्या गावात होती आणि दोन वर्षांत त्यानं नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही पुढं जी मोजणी केली तिला साखळी धरायला तोच पुढं आला. तुमच्याकडे अशा बायका रोज सकाळी शाळेच्या वेळेला पाळीवर दोन-दोन उभ्या राहिल्या, वरच्या गावच्या सुना म्हणून, तर खडा कोण मारेल? मारणाऱ्याची मावशी नाही तर काकू त्यात निघेल.

मंडईची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती मला जास्त आवडते. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांना सांगायला पाहिजे. दिवाळीत भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार (आमचं लोकनाट्य), पाहुण्यांची गर्दी. रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. नाटक ठरवायला लोक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जातात, तिथं कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. दरेक गावाची मंडई वेगळ्या दिवशी असते, कारण आज मी तुझ्याकडे पाहुणा आणि परवा तू माझ्याकडे. एका रात्री दोन शेजारगावांनी मंडई ठेवली तर पाहुणे अर्धे, दुकानं अर्धी, नाटकाच्या तिकिटांचा गल्ला अर्धा. तुम्ही लोक तीन वर्षं स्वतःचंच नुकसान करून घेत आहात, आणि वडशाचे कंपनीवाले मनात हसत असतील. त्यांना काय, दोन नाटकं गेली.

ह्या वर्षी तुमच्या गावानं तारीख दोन दिवस पुढं न्या. विचारायचं नाही, अट घालायची नाही. वरच्या गावाला फक्त चिठ्ठी पाठवा : आमची मंडई अमुक तारखेला, पाहुण्यांनी यावं. तुमच्या पंचायतीत आरडाओरडा होईल, "आपण का झुकायचं?" त्यांना गल्ल्याचा हिशेब दाखवा. झुकणं आणि फायदा एकाच दारातून आले तर लोक झुकण्याकडे डोळेझाक करतात. पहिल्या वर्षी वरच्या गावचे दहा-पंधराच येतील, अंधारात मागे उभे राहून नाटक पाहतील आणि उजाडायच्या आत निघून जातील. त्यांच्याकडे टक लावून पाहू नका, माईकवरून तर मुळीच स्वागत करू नका.

ह्या सगळ्यात तुमची जागा कोणती, हे तुम्ही विचारलं नाही, पण पत्रभर तेच आहे. पंच म्हणून बसू नका. तुम्ही एका पक्षाच्या सरपंच आहात, वरचं गाव तुम्हाला पंच मानणार नाही आणि ते बरोबरच आहे. तिसऱ्या गावचे दोन जुने माणूस शोधा, ज्यांची ना तुमच्या तलावावर शेती, ना तुमच्यात सोयरीक. तुम्ही निरोप न्या, कागद काढा, बोटुकलीची वर्गणी गोळा करा. आणि नाल्याचा फेरा सोडा. आईकडे जाताना दिवसाढवळ्या, डब्यात काहीतरी घेऊन, पाळीवरूनच जा. पहिल्या दिवशी दोन्हीकडून टोमणे येतील. नवऱ्याला सोबत नेऊ नका, पोराला न्या.

तुडुमाला भोकं किती आहेत आणि सगळ्यात खालचं जमिनीपासून किती फुटांवर आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वरच्या गावच्या एका माणसाला सोबत घेऊन मोजा आणि मला कळवा. गेट सिमेंटचं असेल तर तेही कळवा. मग जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाला अर्ज कसा करायचा ते पुढच्या अंकात सांगतो.

प्रश्न

काकाजी, मी नरखेड तालुक्यातला. आमच्या गावची पोरं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, पाहायला जातात. मागच्या वर्षी परत येऊन त्यांनी शेजारच्या गावाच्या पोरांसोबत नाल्यावर तसाच खेळ मांडला. एकाच्या भुवईला सात टाके पडले. जुने लोक म्हणतात, परंपरा आहे, पोरांची गर्मी निघते, नंतर वैर राहत नाही. तुम्हाला काय वाटते?

— एक वाचक

उत्तर

परंपरा पांढुर्ण्याची आहे, तुमच्या नाल्याची नाही. तिथं जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं आणि त्यावर झेंडा. एका गावचा पोरगा दुसऱ्या गावच्या पोरीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघं पात्रातच गेली, अशी आख्यायिका सांगतात. म्हणजे दगड मारणारे त्यांच्याच घरचे होते. तिथं दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत, आणि प्रशासन इतकी वर्षं थांबवायला पाहत आहे.

गर्मी निघते म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, टाके कोणाच्या भुवईला पडले, तुमच्या नातवाच्या का? शेजारच्या गावाच्या त्या पोराच्या घरी तुम्ही गेलात का, हेही पत्रात नाही. जखमी तुमचा असेल तर ते आले का? आधी ते पाहा.

पोरांना गोटमार पाहायची एवढी हौस असेल, तर ह्या वर्षी दगडफेकीच्या दिवशी नेऊ नका, त्याच्या दुसऱ्या दिवशी न्या. सकाळी, दवाखान्याच्या दारात. नरखेडहून रेल्वेने जाता येते.